अवलंबून : शून्य

निरंजनच्या स्मृतिचिपमध्ये नव्या नोकरीच्या प्रशिक्षणापुरतीही जागा उरली नव्हती. म्हणून लहानपणी बापाने पट्ट्याने बडवल्याच्या आठवणींचं मॉड्यूल काढून टाकायला त्याच्या आई इंदुमतीबाई त्याला घेऊन केंद्रात आल्या.

"ते निघणार नाही, काकू," तिथली तंत्रज्ञ म्हणाली. "यांची शिस्त, गणित, झोपसुद्धा त्याच्यावरच चालते. ते काढलं की सगळंच बंद पडेल."

"मग काय काढायचं?"

"ज्याच्यावर काहीच अवलंबून नाही, ते. असं मोठं एकच आहे." तिने अवघडून पडदा त्यांच्याकडे वळवला.

इंदुमतीबाईंनी नाव वाचलं : आई.

"काहीतरीच काय! ते नको," निरंजन म्हणाला.

"अरे, पण मग नोकरी जाईल ना?"

इंदुमतीबाई त्याच्या उत्तराची वाट बघत राहिल्या. निरंजनने दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं नाही.