लागला का?

"मागचे दिवे लागले का गं?" केबिनमधून नवऱ्याने विचारलं.

"लागले." ती ट्रेलरच्या मागे, जरा लांब उभी होती.

"आता डावा?"

"लागला."

"उजवा?"

"तोही लागला."

"ब्रेक दाबतोय बघ."

ती मुद्दाम थोडी थांबली. उत्तर झटकन दिलं की खोटं वाटतं, एवढं ती आता शिकली होती. मग म्हणाली, "लागले. दोन्ही."

तिला काहीच दिसत नव्हतं. समोर ट्रेलर होता आणि त्यावर दुरुस्त केलेली होडी होती, हे तिला माहीत होतं, कारण कालच तिने त्या होडीला पॉलिश केलं होतं. नजरेच्या मधोमध मात्र एक राखाडी गोळा ठाण मांडून बसला होता. कडेने थोडा उजेड यायचा, बस. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती एकटीच गेली होती. घरी येऊन तिने चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं.

नवरा खाली उतरला आणि मागे आला. "नीट बसलेत का बघतो," म्हणाला. लोखंडावर लोहचुंबक आपटल्याचा आवाज झाला, खट, आणि पुन्हा एकदा खट.

"चल. दार उघडंच आहे."

गाडीच्या अंगाला हात लावत ती पुढे गेली आणि आपल्या सीटवर बसली. सीटवर टॉवेल अंथरलेला होता.

दोघांचा धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. लाकूडकाम त्याचं, रंग आणि पॉलिश तिचं. होडी तयार झाली की ट्रेलरवर चढवून तलावावर पोचवायची, तीही दोघांनी मिळून. पूर्वी ट्रेलरच्या दिव्यांना तार होती. पाण्यात भिजून ती तार सारखी दगा द्यायची. एकदा ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत आणि मागून येणारा मोटारसायकलवाला थेट ट्रेलरवर आदळला. जिवावरचं पायावर निभावलं, पण तो आजही लंगडत चालतो. तेव्हापासून तिने मागे उभं राहून "लागला" म्हटल्याशिवाय नवरा गाडी जागची हलवत नसे.

नजर गेल्यावरही तिने हे काम निभावलं होतं. जुन्या दिव्यांची काच तापायची. त्यावर तळहात ठेवला की कुठला लागला ते कळायचं, आणि मग "लागला" हा शब्द खराच असायचा.

पण या हंगामात नवऱ्याने बिनतारी दिवे आणले. गाडीच्या मागे एक डबी खोचायची, प्रत्येक दिव्याचं बटण दाबून तो लोहचुंबकाने ट्रेलरला चिकटवायचा, की झालं. हे दिवे तापत नाहीत, असं त्याने कौतुकाने सांगितलं. वर त्याने नवीनच टूम काढली. "जवळून नको बघूस. मागच्या गाडीवाल्याला दिसतील तसे लांबून बघ." म्हणजे हात लावायचीही सोय राहिली नाही.

त्या दिवसापासून ती अंदाजाने बोलत होती. रस्त्यात मागे कुठे हॉर्न वाजला तरी तिचा जीव अर्धा व्हायचा. आपल्या एका खोट्या शब्दापायी कुणाचा तरी संसार उद्ध्वस्त होईल, हे तिला कळत होतं. आणि खरं बोललं तर काय होणार, हेही कळत होतं. लेक फोनवर केव्हाची म्हणत होती, "आईला माझ्याकडे पाठवा, बाबा. मदतीला माणूस ठेवा." लेकीकडे तिला सोफ्यावर बसवून ठेवतील. इथे निदान कुणीतरी तिच्या शब्दाची वाट बघत होतं.

नवऱ्याची बडबड मात्र हल्ली फार वाढली होती. पूर्वी तोंडातून शब्द काढायला पैसे पडल्यासारखा गप्प गाडी चालवायचा. आता वाटभर सुरूच. "वळणावरचं झाड तोडलं बघ. तलाव किती खाली गेलाय, काठचे दगड उघडे पडलेत." वय झालं की माणूस बोलका होतो, असं म्हणून ती मान डोलवायची.

चार दिवसांनी एका शाळेची मोठी होडी न्यायची होती. वाटेत मुलं असणार होती, सायकलींवर. चहा पिताना तिने कप खाली ठेवला. आता पुरे, तिने ठरवलं.

"अहो, ऐका ना. मला एक सांगायचंय. त्या दिव्यांचं."

 तो खुर्ची सरकवून उठला.

"सांग गं, वाटेत सांग. आधी बघून घे चल. तू लागला म्हटल्याशिवाय माझा पाय ब्रेकवरून उठत नाही, तुला माहितीये."

त्याचा आवाज जरा बसका वाटला. ती अंगणात गेली आणि ट्रेलरच्या मागे, लांब उभी राहिली. डोळे भरून आले होते. वाटेत सांगू, तिने मनाला समजावलं. हे शेवटचं.

"मागचे?"

"लागले."

"डावा?"

"लागला."

"उजवा?"

ती नेहमीइतकीच थांबली.

"लागला."

केबिनमध्ये नवऱ्याने शेजारी पाहिलं. तिच्या सीटवर, टॉवेल अंथरून त्यावर, मागे चिकटवायच्या आधी तो नेहमी ठेवायचा तसे, दोन्ही दिवे ठेवलेले होते. डावा लालभडक पेटला होता. उजवा विझलेलाच होता.

"बरोबर," तो खिडकीतून मोठ्याने म्हणाला, आणि उजव्या दिव्याचं राहिलेलं बटण त्याने दाबलं.