कानावर पडेपर्यंत

वेंकोबा सरस्वतीपुरमच्या घरात सकाळी वारले, तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा सुधींद्र बायकोला घेऊन भर समुद्रात होता. क्रूझच्या डेकवर त्यानं आरामात लोळायला पडदे लावलेली खासगी खोली, कबाना, भाड्यानं घेतली होती. घरात आठवडाभर त्या कबानाचंच कौतुक चाललं होतं.

“बेडा, नको, त्याला कळवू नका,” वेंकोबांच्या बायकोनं, नागरत्नानं, सगळ्यांना बजावलं. “कानावर पडेल तेव्हाच सुतक लागतं. पोर घरी आलं की सांगू.”

अग्नी पुतण्यानं, श्रीहरीनं दिला.

त्याच संध्याकाळी सुधींद्रचा फोटो आला. कबानात आडवा पडलेला, हातात शहाळं, मागे निळं पाणी. खाली लिहिलं होतं, ‘बाबांना दाखव गं आई.’

नागरत्नानं चष्मा पुसून उत्तर लिहिलं, ‘बघितला. खूष झाले.’

पश्चिमवाहिनीत अस्थी सोडून श्रीहरी आला, तेव्हा तिनं तो फोटो त्याच्यापुढे धरला. “बघ रे, कसा हसतोय. अय्यो, बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही.”

श्रीहरीनं फोटोवरची नजर काढून घेतली.



“काकू, अग्नी द्यायच्या आधीच मी त्याला फोन केला होता. म्हणाला, ‘मला कळलंय हे आईला सांगू नकोस.’”