समोरचा खेळाडू

"पट दिसतोय, मोहरे दिसताहेत, पण हा पठ्ठ्या खेळतच नाहीये," काका म्हणाले.

चष्मिश नव्या कॉम्प्युटरसमोर वाकला. जुना कालपासून आचके देत होता, म्हणून काकांनी हा घेतला होता. लेकाने केलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्यावर उतरवायला त्यांनी लेकाच्या ऑफिसातल्या या मित्राला बोलावलं होतं. लेक मात्र आता नव्हता.

काकांनी प्यादं सरकवलं. पडद्यावर 'विचार करतोय' एवढंच उमटलं, आणि तसंच राहिलं.

"आजारपणात, अंथरुणात बसून केला रे त्याने. म्हणाला, मी नसलो की याच्याशी खेळा. आधी फार कच्चा होता, मग शिकला. मशीन आपोआप शिकतं म्हणे. आणि हट्टी किती! हरायला आला तरी डाव सोडत नाही. संध्याकाळी तेवढीच मला सोबत." काकांचा आवाज खाली आला. "आत बोलू नकोस हे. फक्त माझ्यासाठी केलाय त्याने."

आत म्हणजे काकूंपाशी. दोघांचा अबोला लेकाच्या कॉलेजपासूनचा. कशावरून बिनसलं ते आता दोघांपैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं, पण माघार घेणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. इकडचे निरोप तिकडे करण्यात लेकाचं अर्धं आयुष्य गेलं. तो गेला आणि बोलायचं निमित्तही गेलं.

दार ढकलून काकू डोकावल्या. "त्यांना सांग, चहा झालाय."

"तिला सांग, साखर कमी," काका हातभर अंतरावरून म्हणाले.

चष्मिशने दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवले आणि कप आणायला काकूंच्या मागोमाग गेला. काकूंनी त्याला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि लॅपटॉप उघडला. तोच पट. अर्धवट डाव.

"त्यांना कळता कामा नये," त्या कुजबुजल्या. "माझ्यासाठी केला होता त्याने. रोज संध्याकाळी बसते. तो समोर आहे असं वाटतं रे. पण कालपासून उत्तरच नाही." त्यांचे डोळे भरून आले. "तोही रुसला का माझ्यावर?"

चष्मिशने कप उचलले. या दोघांकडे लेकाचं एवढंच काय ते उरलं होतं, आणि नेमकं तेच दोन्हीकडे बिघडलं होतं. म्हणजे चूक प्रोग्रॅममध्येच असणार. ती सापडली नाही, तर यांना काय तोंड दाखवायचं?

बाहेर येऊन त्याने मित्राचा कोड उघडला. कॉम्प्युटर आपली चाल कुठे ठरवतो ते शोधलं. वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. तसा भाग कुठेच दिसेना.

एक गोष्ट मात्र सापडली. सुरू होताना हा प्रोग्रॅम आयकॉनमध्ये आपल्या नावापुढे लिहिलेले दोन शब्द वाचत होता. पहिला, या बाजूला कोण खेळतंय. दुसरा, समोर कोण. चष्मिशने नुसता प्रोग्रॅम उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. ते शब्द जुन्या आयकॉनमध्येच राहिले होते. बिचारा मुका बसला तर नवल काय!

"सापडलं, काका! जुना एकदाच सुरू होऊ दे."

जुना कॉम्प्युटर कुरकुरत, घरघरत एकदाचा सुरू झाला. काका खुर्ची ओढून अगदी जवळ आले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"समोर त्याचंच नाव असेल बघ," ते म्हणाले.

चष्मिशने जुन्या आयकॉनच्या प्रॉपर्टीज उघडल्या. प्रोग्रॅमच्या नावापुढे खरंच दोन शब्द होते.

पहिला 'बाबा'. दुसरा 'आई'.