एकविसावी चौकट

धुरपताबाईंना ते पुस्तक सापडलं सुनेच्या कपाटात, साड्यांच्या तिसऱ्या घडीखाली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. सरळ मनाचं माणूस पुस्तकाला कव्हर घालून साडीखाली ठेवत नाही, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. त्यांनी कव्हर सोडवलं. आत वाघावर बसलेली आठ हातांची देवी, आणि तिच्या पायाशी ठळक अक्षरं: बायांसाठी शक्ती-उपासना, विधीसहित.

"सापडलीस," त्या देवीला म्हणाल्या.

गेले वीस दिवस त्यांना संशय होताच. मंजुश्री पंचायत समितीत कारकून. संध्याकाळी घरी यायची, पर्स खुंटीला अडकवायची, स्वयंपाकाला लागायची. सासूशी बोलणं कामापुरतं. भांडण नाही आणि लाडही नाहीत. अशी सून एका संध्याकाळी वाटीत कोमट तेल घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, पाय द्या."

धुरपताबाईंनी पाय दिले, पण लक्ष ठेवून. गावाबाहेरचा प्लॉट त्यांच्या नावावर होता. कशावर तरी सही लागणार असेल. तेल चोळता चोळता सून विचारायची, माहेरी बहिणी किती होत्या, विहिरीत पोहायला कोणी शिकवलं, पहिली साडी कोणत्या रंगाची. ही तोंडातून काहीतरी काढून घेऊन राहिली, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळं सांगितलंही. बिलोलीची विहीर सांगितली, काविळीत गेलेली धाकटी बहीण सांगितली. ग्यानोबांनी चाळीस वर्षांच्या संसारात यातलं एकही विचारलं नव्हतं. चांगला माणूस होता तो, पण नव्हतं विचारलं.

तरी गुरुवारी त्यांनी किनवटला मुलाला फोन केलाच. "आनंदराज, घरात कायतरी शिजून राहिलंय. शनिवारी ये तू."

आज शनिवार. पाचच्या गाडीनं तो येणार, आणि पुरावा हातात. याच घरातले देव त्यांच्या सासूनं पोत्यात बांधून मन्याड नदीत सोडले होते. तेव्हापासून भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दाराला कधी लिंबूसुद्धा नाही. धम्माच्या बाबतीत आनंदराज कोणाचं ऐकून घेणारा नव्हता, बायकोचं तर नाहीच. आज मोठं भांडण होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तोवर वाचून तरी बघावं म्हणून त्या खिडकीशी बसल्या. वाचायला त्या रात्रीच्या वर्गात शिकल्या होत्या, ओळीखाली बोट ठेवून. कलशाची पानं कोरी करकरीत. मंत्रांची पानं तर एकमेकांना चिकटलेलीच. एकाच पानावर तेलाचे डाग होते.

'घरातील थोरल्या स्त्रीच्या ठायी देवी पाहावी. सलग एकवीस संध्याकाळी तिच्या पायांस तेल लावावे. तिच्या बालपणाविषयी विचारावे व ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. एकविसाव्या दिवशी सांगता.'

खाली एकवीस चौकटी छापल्या होत्या. वीस चौकटींत पेन्सिलीच्या खुणा.

धुरपताबाईंना फार वाईट वाटलं. प्लॉटसाठी असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. प्लॉट निदान त्यांचा होता. हे सगळं पुस्तकाचं निघालं. बहिणीचं सांगताना त्या रडल्या होत्या आणि सून गप्प बसली होती, ते गप्प बसणंसुद्धा छापलेलं होतं.

समासात बारीक अक्षरात काहीतरी खरडलेलं दिसलं. त्यांनी पुस्तक उजेडात धरलं. 'डाव्या टाचेला भेगा. मेण आणणे.'

त्यांनी पान पुन्हा वरपासून वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. मेणाचं कुठंच काही नव्हतं. मेण तर परवाच आलं होतं.

एकविसावी चौकट तेवढी रिकामी होती. ती आज भरणार. सोमवारी सून घरी येईल, पर्स अडकवेल आणि स्वयंपाकाला लागेल.

पेन्सिल आणि खोडरबर कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते. धुरपताबाईंनी विसावी खूण खोडली. मग जरा थांबून एकोणिसावी. मग मांडी घालून नीट बसल्या आणि पहिल्या चौकटीपर्यंत गेल्या. पुस्तकाला कव्हर घालून ते होतं तिथं ठेवलं, तिसऱ्या घडीखाली.

पाचच्या गाडीनं आनंदराज आला. बॅग ठेवायच्या आत त्यानं विचारलं, "काय झालं, माय? फोनवर तर लई घाईत होतीस."

"काय न्हाई. आठवण आली तुझी."

आनंदराजनं आईकडे निरखून पाहिलं. असलं वाक्य त्यानं तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

सहाला मंजुश्री आली. साडी बदलायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. धुरपताबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. कपाटाचं दार वाजलं, ते त्यांना ऐकू आलं. नंतर आत काहीच वाजलं नाही.

मग ती तेलाची वाटी घेऊन आली आणि समोर बसली. सासूच्या मांडीवर, लुगड्याच्या चुणीत, रबराचे काळपट कण अडकले होते. मंजुश्रीनं ते हातानं झटकले. डावा पाय मांडीवर घेतला. टाच अंगठ्यानं चाचपून बघितली.

"आज पहिलाच दिवस ना, आत्या?"

"मला काय ठाऊक," धुरपताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसराही पाय पुढं केला.