सातवी मोराग

वंशावळ अखंड निघाली, तर एफी मॅकॅस्किलला उन्हाळ्यातल्या कुळमेळाव्यात मानाची पहिली खुर्ची मिळणार होती. त्या खुर्चीपायी आमच्या कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर सख्ख्या बहिणी बोलेनाशा झाल्या आहेत.

म्हणून एफीने पूर्वजांनी स्कॉटलंडहून जहाजातून आणलेलं बायबल उघडलं. घराण्याच्या जन्मनोंदी त्यातच होत्या. मूल गेलं की तेच नाव पाठच्या मुलाला द्यायचं, ही आमची रीत. दीडशे वर्षांत पाच मोराग गेल्या होत्या. पाचही नावांपुढे मृत्यूच्या फुल्या होत्या. सहावी मोराग म्हणजे एफीची तीन वर्षांची नात. अंगणात तिचा झोका कुरकुरत होता.

तिच्या नावाखाली सातवी मोराग होती. शाई जुनी, फिकट. जन्म येत्या ऑक्टोबरातला.

"कॅट्रिओना, हा चावटपणा तुझा का गं?"

सून वाकून बघू लागली. "अक्षर तर तुमचंच आहे, आई." मग तिचा हात पोटावर गेला. "पण तुम्हाला कळलं कसं? मी अजून ह्यांनाही सांगितलं नाही."

गोंधळलेल्या एफीने फुल्या पुन्हा मोजल्या. सहा भरल्या. शेवटची अजून ओली होती, आणि अंगणातला झोका थांबला होता.