चहापत्तीच्या डब्यातली किल्ली

हेरखात्याचे प्रमुख इतके संशयी, की स्वतःच्या सावलीचीही झडती घेतील. भविष्यातून चोरून येणारी माणसं थेट त्यांच्या तिजोरीपर्यंत पोहोचायला लागली, तेव्हा त्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. तिजोरीची दुसरी किल्ली चहापत्तीच्या डब्यात असते, हे त्यांच्याखेरीज फक्त सहायकाला ठाऊक होतं. वीस वर्षांपासूनचा आपला उजवा हात त्यांनी तुरुंगात धाडला. "साहेब, मी नाही हो," एवढंच तो म्हणत राहिला.

त्याला आता तीन महिने झाले. आज भविष्यातून सफाईवालीच्या वेशात आलेली एक बाई त्याच डब्यात हात घालताना पकडली गेली.

"त्यानं तुला कधी सांगितलं?" प्रमुखांनी दरडावून विचारलं.

"त्यांनी नाही, साहेब. किल्लीची गोष्ट तुम्हीच तुमच्या आत्मचरित्रात लिहिलीय. त्याच प्रकरणात त्यांची माफीही मागितलीय."

प्रमुखांचा आवाज खाली आला. "मग... त्यानं केलं का मला माफ?"

बाईनं मान खाली घातली.

 

"पुस्तक त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलंय, साहेब."