चाळीस विहिरींचा कागद

"माझ्या विहिरीला ऐंशी म्हणं! ह्यो आकडा लिवणारा कोण हाय, दावा मला!"

नागम्मानं हातातला कागद टेबलावर आपटला. लातुरातल्या त्या पाणी तपासायच्या कचेरीत सगळ्यांच्या माना वळल्या.

जळकोट तालुक्यातल्या चाळीस विहिरी एका दिवसात बंद झाल्या होत्या. पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून. प्रत्येक विहिरीवर तांबडी फुली. दुष्काळाचं तिसरं वर्ष, आणि गावात पाणी उरलं होतं ते फक्त नागम्माच्या विहिरीला. तिनं कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. आता तेच लोक कुजबुजत होते, म्हातारीनं गावाला विष पाजलं. सोमवारी कुणीतरी तिच्या दारात फुटकी घागर आणून टाकली होती.

"अम्मा, यंत्र परदेशी आहे, चुकत नाही," संगणकापुढं बसलेला पंचाक्षरी म्हणाला. "लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की विहीर बंद. नियमच आहे."

"आमचं उदगीर जिल्हा होणार, होणार, ऐकायले कवाधरनं. तवर ह्या लातूरच्या चकरा! आज निकाल घेतल्याबिगर जाणार न्हाई." तिनं पिशवीतून बाटली काढली. "माझ्याच विहिरीचं हाय. बघ." आणि सगळ्यांसमोर तिनं ती घटाघटा रिकामी केली.

तिच्यासोबत शेजारच्या गावचा सटवाजी आला होता. तो म्हणाला, "माझ्या विहिरीला नऊ लिवलंय. यंत्रातनं निघालेला असली कागद तरी दावा."

पंचाक्षरीनं चिडूनच फाइल ओढली. सटवाजीच्या विहिरीपुढं बोट ठेवलं आणि त्याचं तोंड उतरलं. यंत्रानं '०,९' छापलं होतं. यंत्र बनलं त्या देशात दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. इथल्या संगणकाला तो हजार-लाख तोडणारा स्वल्पविराम वाटला, आणि त्यानं तो काढून टाकला. शून्य दशांश नऊचे झाले नऊ.

"स्वल्पविराम?" नागम्माचा आवाज छताला लागला. "एवढ्याशा ठिपक्यापायी आमच्या लेकी-सुना तीन कोस पाणी वाहायल्यात? बोलीव तुझ्या साहेबाला!"

साहेब आले. तिनं त्यांना खुर्चीला टेकूसुद्धा दिलं नाही. अर्ध्या तासात तहसीलला फोन गेला. यादी दुरुस्त करून पाठवतो, त्याप्रमाणे फुल्या पुसा. सटवाजी तिथंच तिच्या पाया पडला. "अम्मा, तालुक्यावर लई उपकार केले तुमी."

पंचाक्षरी एकेक आकडा वाचत गेला. शून्य दशांश नऊ. शून्य दशांश सात. शून्य दशांश सहा. विहिरी सुटत गेल्या. नागम्मा कमरेवर हात ठेवून ऐकत होती. एकोणचाळीस झाल्या.

"आन् माझी?"

पंचाक्षरीनं कागद तिच्याकडं फिरवला.

"तुमचाही आकडा दहापट झाला होता, अम्मा," तो म्हणाला. "खरा आठ आहे."